आंबट सोडलेली सून

१

पितृपक्ष लागून दोन दिवस झाले होते. भिकुबाई सकाळीच शेवंताअक्कांच्या ओट्यावर येऊन बसली आणि पदराच्या गाठीतून एक कागदाची पुडी काढून तिनं पुढ्यात ठेवली. पुडीत शेंदूर होता, आणि पुडी अर्धी रिकामी होती.

"सुनेच्या पेटीत सापडली," ती म्हणाली. "पातळाच्या घडीत. तुम्हीच सांगा अक्का, शेंदूर काय पातळात घालायची वस्तू शे का?"

अक्का बोलल्या नाहीत. त्यांची पूजा व्हायची होती, आणि पूजेआधी तोंडातून शब्द काढायचा नाही हा त्यांचा एकोणीस वर्षांचा नेम. हातानंच 'बस' अशी खूण करून त्या आत गेल्या. देवपुरातल्या त्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. अक्कांकडे दूध मागायला आलेलं मांजरदेखील आरती होईस्तोवर ओरडत नाही, असं लोक गमतीनं म्हणत.

भिकुबाई बसून राहिली. तिच्याही पोटात कळ होती, पण जी कळ ती घेऊन आली होती ती निराळी. घरातली तीन माणसं श्रावणापासून झिजत चालली होती. नवरा नथ्थूआबा दवाखान्यात होता, त्याला दोनदा झटके येऊन गेले होते. एसटीच्या डेपोत कारकून असलेला मुलगा वना, त्याच्या उजव्या हातात पेन ठरत नव्हतं. ती स्वतः तर अशी वाळली होती की बांगड्या कोपरापर्यंत चढत. चौथं माणूस म्हणजे सून कमल. एकाच चुलीचं खाऊन ती मात्र टवटवीत होती.

शेंदूर पोटात गेला की माणसाचा आवाज बसतो, अंग झिजतं, हे खानदेशात लहान पोरही सांगेल.

अक्का बाहेर आल्या, तीर्थ दिलं, मग पुडी हातात घेऊन हुंगली. एकतीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होत्या त्या. गल्लीत काही हरवलं, कुणाचं काही बिनसलं की लोक चौकीआधी त्यांच्याकडे येत. एकदा हरवलेली नथ त्यांनी रुसलेल्या जावेच्या शिंकेवरून शोधून काढली होती. नथ तपकिरीच्या डबीत होती.

"अक्का, यांचा चुलतभाऊ चुडामण म्हणतो, शनिवारी पोलिसात जायचं. सुनेच्या बापालाही अमळनेरहून बोलावलंय. पण मी म्हटलं, आधी अक्का काय म्हणता ते बघू. तुमचा शब्द पडला की मग मन्हा जीव थंड होईल."

त्या दिवशी मंगळवार होता.

२

दवाखान्यात डॉक्टर शालिग्राम अक्कांना जुन्या ओळखीनं आत घेऊन गेले. नथ्थूआबा खाटेवर पडले होते. पूर्वी ह्या माणसाच्या हाकेनं पांझरा नदीपलीकडची गुरं मान वर करत.

"कोन, अक्का का? या. माले नेयाले उन्यात की काय?"

"अजून तुमचा नंबर नाही आबा. तोंड उघडा बरं."

आबांनी तोंड उघडलं. अक्कांनी बोटानं ओठ खाली ओढला आणि खिडकीच्या उजेडाकडे त्यांचं तोंड वळवलं. हिरड्यांच्या कडेनं, दातांच्या बुडाशी, एक निळसर काळी रेघ गेली होती. पेन्सिलीनं आखावी तशी.

ती रेघ अक्कांनी आयुष्यात एकदाच पाहिली होती. छापखान्यात शिशाचे खिळे जुळवणारा एक माणूस नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांच्या वॉर्डात आला होता. त्याचंही पोट असंच आवळायचं आणि मनगट लोंबायचं.

"वना, हात पुढं कर," त्या उशाशी उभ्या मुलाला म्हणाल्या.

वनानं हात पुढं केला. मनगट सुकलेल्या केळीच्या पानासारखं खाली पडलं.

"शिसं," अक्का डॉक्टरांना म्हणाल्या. "ह्यांच्या पोटात शिसं जातंय."

डॉक्टरांनी रेघ पाहिली, मान हलवली. रक्त तपासायला मुंबईला पाठवतो म्हणाले.

इतपत सगळं बरोबर होतं. पण दारात माणसं जमली होती: भिकुबाई, नथ्थूआबांचा चुलतभाऊ चुडामण, शेजारच्या दोघी-तिघी, आणि मागं भिंतीला टेकून डबा हातात घेतलेली कमल. चुडामणनं विचारलं, "शिसं खायच्या वस्तूत कुठून येईल हो अक्का?"

अक्कांना उत्तर ठाऊक होतं. ठाऊक असलेलं सांगण्यात जे एक सुख असतं, ते त्यांना आवरलं नाही.

"शेंदुरात शिसं असतं," त्या म्हणाल्या.

आणि म्हणताना त्यांनी कमलकडे पाहिलं.

भिकुबाईनं पुढं होऊन सुनेच्या हातातला डबा काढून घेतला आणि मोरीत उपडा केला.

३

चुडामणचं घर नथ्थूआबांच्या भिंतीला भिंत लावून. दोघांत बांधावरून सात वर्षं बोलचाल नव्हती, ती आबांच्या दुखण्यानं सुरू झाली होती. अक्का गेल्या तेव्हा तो झोपाळ्यावर बसून तक्रारीचा अर्ज लिहीत होता.

"बसा अक्का. तुमचं नाव वर घालतोय. तुम्ही म्हटल्यावर साहेबही दुसरं काही विचारणार नाही."

"माझं नाव राहू द्या. आबांना पहिला झटका कधी आला?"

"पोळा झाल्यावर, सहाव्या दिवशी. मीच रिक्षात घातलं त्यांना."

"कमल होती घरी?"

"नाही. ती पोळ्याला माहेरी गेली ती आठ दिवसांनी आली." चुडामण थांबला, मग स्वतःच वाट काढली. "म्हणजे जाताना पिठात कालवून गेली असेल. ह्या पोरी फार पोचलेल्या असतात."

"त्या आठवड्यात तुमची गिरणी बंद होती. भिकुबाईंकडून डबाभर पीठ तुम्हीच आणलं होतं."

"आणलं होतं."

"पोट दुखलं?"

चुडामणनं लेखणीचं टोपण लावलं. "तुम्ही कुणाच्या बाजूनं आहात अक्का?"

हे अक्कांना स्वतःलाही कळलं नव्हतं. पाणी एकाच नळाचं, पीठ एकाच डब्यातलं, आणि भिंतीच्या अलीकडे मरणकळा, पलीकडे काही नाही. आणि ज्या आठ दिवसांत सून घरात नव्हती, त्याच दिवसांत सासरा फेसाळून पडला. काल दवाखान्यात आपण जे बोललो ते फार लवकर बोललो, असं त्यांना पहिल्यांदा वाटलं.

कमल त्यांना मागच्या दारी सापडली. तिला स्वैपाकघरात जायला बंदी होती, म्हणून ती कडुनिंबाखाली धुणं वाळत घालत होती. बावीस वर्षांची पोर, डोळे रडून कोरडे झालेले. निंबाच्या बुंध्याशी मारुतीचा एक दगड होता. त्यावर ताजा शेंदूर चढवलेला दिसत होता, चांगला बोटभर.

"हा तू लावतेस?"

"शनिवारी." तिनं वर पाहिलं नाही.

"मग पुडी लपवली का?"

तिनं पिळलेलं पातळ झटकलं. अक्का दगडाच्या पायरीवर बसल्या. उन्हातून आल्या होत्या; शेजारणीनं भिंतीवरून लिंबाच्या सरबताचे दोन पेले दिले. अक्कांनी एक कमलपुढं धरला. तिनं घेतला, ओठांपर्यंत नेला आणि हळूच पायाशी ठेवून दिला.

"गोड नाही झालं का?"

"तहान नाही अक्का."

दुपारच्या उन्हात धुणं पिळलेल्या बाईला तहान नाही. अक्का त्या पेल्याकडे बघत राहिल्या. नेम करणाऱ्या बाईला नेम करणारी बाई ओळखू येते. नको असलेली वस्तू कुणी अशी मानानं बाजूला ठेवत नाही.

"आंबट सोडलंस तू," त्या म्हणाल्या. "चातुर्मासाला."

कमलचा चेहरा पडला. "बोलायचं नसतं अक्का. बोललं की जातं. सगळं देवशयनीपासून पाळलं मी. शेंदराचंही तेच, म्हणून लपवला. आत्याबाईंनी विचारलं असतं कशासाठी, तर सांगावं लागलं असतं."

तिनं मारुतीकडे काय मागितलं होतं ते अक्कांनी विचारलं नाही. लग्नाला तीन वर्षं झाली होती, एवढं त्यांना माहीत होतं.

"आंबट म्हणजे काय काय?"

"दही, ताक, चिंच, लिंबू, कैरी. मी मागून जेवते, कुणाच्या लक्षात येत नाही. मी आपली भाकरी आणि भाजी खाते, कढी घेत नाही."

"आणि घरात कढी रोज होते?"

"आबांना कढीशिवाय घास उतरत नाही."

अक्का उठल्या. गुडघे दुखतात हेही त्यांना त्या क्षणी आठवलं नाही.

४

भिकुबाई चुलीपुढं बसली होती. अक्कांनी तिला एकच गोष्ट विचारली, पण तीन वेळा, तीन जणांची नावं घेऊन: कढी कोण किती खातं.

आबा दोन्ही वेळा, वाटीनं नाही, ताटात ओतून. वना डब्यात नेई. भिकुबाई फक्त रात्री, भातावर. कमल नाही.

आबांना झटके आले होते. वनाचं मनगट लोंबत होतं. भिकुबाईचं पोट दुखत होतं, अंग वाळलं होतं. कमल धडधाकट होती.

दुखणं कढीच्या मापानं वाटलं गेलं होतं.

"पण अक्का, ताक तर चुडामणकडेही आमचंच जातं. म्हैस एकच शे. त्यास्नी कसं काही नही व्हयनं?"

"ताक कशात नेतात?"

"चरवीत. स्टीलच्या."

"आणि तुम्ही कढी कशात करता?"

भिकुबाईनं फळीवरचं पितळी पातेलं उतरवलं. सासूच्या हातचं. गल्लीत सगळ्यांनी पितळ सणासुदीला म्हणून फळीवर ठेवून रोजच्या स्वैपाकाला स्टील आणलं होतं. भिकुबाईनं मात्र सासूचं नाव म्हणून हे एक रोजच्या वापरात ठेवलं होतं. कढी त्यातच व्हायची, रात्रभर त्यातच राहायची, सकाळी तापवून पुन्हा ताटात यायची.

अक्कांनी पातेलं उजेडात वाकडं केलं. आतली कल्हई काठाकडे अजून चांदीसारखी होती. पण जिथवर रोज कढी पोचायची तिथून खाली ती मळकट, करडी, खाल्ल्यासारखी झाली होती. त्यांनी पदराचं टोक फिरवलं. पदरावर काळी रेघ उमटली.

कथलाची कल्हई काळं सोडत नाही. तांबटाच्या कथलात कुणीतरी शिसं मिसळलं होतं. कोरड्या भाकरीला, साध्या पाण्याला त्यातलं फारसं काही लागणार नाही. पण ताकाच्या आंबटानं ते रोज रात्री थोडं थोडं सुटत होतं, आणि सकाळी माणसं ते कढीबरोबर खात होती.

अक्कांच्या मनावरचं ओझं उतरल्यासारखं झालं. पोर सुटली. आता फक्त लबाड कल्हईवाला धरायचा.

"भिकुबाई, ही कल्हई कुणी केली?"

भिकुबाई त्यांच्याकडे पाहतच राहिली. मग भाबडेपणानं म्हणाली,

"असं काय करता अक्का? तुम्हीच तर करून दिली. अधिकात."

५

त्या वर्षी अधिक आषाढ आला होता. अधिकात तेहतीसचं दान देतात. कुणी अनारसे देतं, कुणी बत्तासे. अक्कांनी गल्लीतल्या तेहतीस भांड्यांना कल्हई करून द्यायची ठरवलं होतं. नवरा हयात असताना त्यांचं भांड्यांचं दुकान होतं. त्याच्या नावानं ते शोभून दिसलं असतं. दिसलंही. महिनाभर बायका त्यांचं नाव काढत होत्या.

निंबा तांबट त्याच्या घराच्या पुढच्या पडवीत एक हंडा ठोकत बसला होता. अक्कांना पाहून उभा राहिला. अक्का उन्हातून तणतणत आल्या होत्या, आणि राग हा नेमाला धरून नाही हे त्यांना समजत होतं.

"निंबा, माझ्या दानात तू शिसं घातलंस?"

निंबानं हातोडी खाली ठेवली. तो साठीचा, बोलण्यात संथ, आणि आयुष्यभर लोकांच्या ओट्याखाली उभं राहून बोललेला माणूस.

"घातलं," तो म्हणाला.

अक्कांना एवढ्या सरळ उत्तराची अपेक्षा नव्हती.

"अर्धं मन्हं कथील व्हतं अक्का, आन अर्धं तुमचं. तुम्हीच दिलं ना, लाल फडक्यातल्या चार कांब्या. म्हणे घरचं कथील शे, मालकाच्या वेळचं. नातवंडाच्या हाती निरोप पाठाडा व्हता."

"ते कथीलच होतं."

"नव्हतं." निंबा मान खाली घालून बोलत होता. "मी एक कांब वाकाडी, कानाशी धरी. कथील वाकताना करकरतं. ते गुमान व्हतं. म्हणून सकाळीच तुमच्या दारी उनू. इचारलं, अक्का, हे कथीलच शे ना, माले काही दुसरंच वाटतं. तुम्ही आत देवाकडे बसल्या व्हत्या. मी दोनदा इचारलं."

अक्कांना ती सकाळ आठवली. अर्ध्यावर आलेली पूजा, दारातला निंबा, त्याच्या बोलण्यानं मोडलेली माळ. कपाळाला आठी घालून आपण हात झटकला होता: जा, करून टाक. त्यानं काय विचारलं ते आपण ऐकलंच नव्हतं. मौन पाळताना कानही बंद करायचे असं कुठल्या पोथीत लिहिलं होतं?

"मग तू थांबला का नाहीस?"

"तुमच्यापुढं मी कोन अक्का? तुम्ही देवापुढं बसून खोटं सांगशाल, असं मन्हा मनात तरी यावं का?" निंबानं मान वर केली. "पोटात काही गेलं का कोनाच्या?"

६

देव्हाऱ्याखालचा खण अक्कांनी उघडला. लाल फडक्यात एक कांब उरली होती. त्यांनी ती दोन्ही हातांनी कानाजवळ धरून वाकवली. काहीच आवाज नाही. पंचांगाच्या मागच्या कोऱ्या पानावर तिचं टोक ओढलं, तर करडी रेघ.

फडकं नवऱ्याचंच होतं. तो दुकानातलं कथील ह्याच खणात, ह्याच फडक्यात ठेवायचा. मग हे आलं कुठून? त्या खणाला त्यांच्याशिवाय हात लावणारा एकच, त्यांचा मुलगा गिरधर.

हे विचारायला त्या आयुष्यात पहिल्यांदा मुलाच्या वखारीवर गेल्या.

गिरधरचं बॅटऱ्यांचं दुकान आग्रा रोडला. पुढं पाटी, चार्जिंगच्या तारा. त्यामागं पत्र्याची वखार, तिथं अक्का कधी गेल्या नव्हत्या. सोवळ्याला तो वास चालत नसे. आत ट्रक-ट्रॅक्टरच्या मेलेल्या बॅटऱ्यांचा ढीग होता. दोन माणसं कुऱ्हाडीनं त्यांचं काळं टरफल फोडत होती, तेजाब खड्ड्यात ओतत होती, आतल्या जाळीदार पाट्या वेगळ्या काढत होती. एका कोपऱ्यात लोखंडी कढईखाली भट्टी पेटली होती. पाट्या वितळून वर मळी येई, ती झाऱ्यानं काढली की खाली शिसं आरशासारखं चमके. मग ते साच्यात ओतून कांब्या.

"आई? तू इथं?" गिरधरला आनंदच झाला. "बघ, लोक फेकून देतात, आम्ही त्यातून हे काढतो. पुन्हा नव्या बॅटरीतच जातं. काही वाया जात नाही."

अक्कांनी हातातली कांब दाखवली. "ही देव्हाऱ्यात तू ठेवलीस?"

"आखाजीला, अक्षय्यतृतीयेच्या मुहूर्तावर. पहिला माल देवापुढं ठेवायचा, बाबा ठेवायचे तसा."

"आणि बाबांचं कथील?"

"ते मी दुकानात तारा झाळायला नेलं. खण रिकामा बरा दिसेना, म्हणून माझं ठेवलं." तो हसला. "काय चुकलं?"

हसताना त्याचे दात दिसले. भट्टीच्या उजेडात अक्कांनी पाहिलं, आणि पुढं होऊन, तो लहान होता तेव्हा धरायच्या तशी, त्याची हनुवटी धरून ओठ खाली ओढला.

निळसर काळी रेघ.

एकतीस वर्षं लोकांची तोंडं उघडून पाहणाऱ्या बाईनं रोज ताटावर बसणाऱ्या मुलाचं तोंड पाहिलं नव्हतं. त्या तिथंच, तेजाबाच्या वासात, एका उपड्या बॅटरीवर बसल्या आणि सगळं सांगितलं.

ऐकून गिरधर कढईकडे वळला. मग हळू आवाजात म्हणाला, "आई, एवढं कशाला? कल्हई निंब्यानं केली. शिसं त्यानं घातलं, हे तर खरंच आहे. तू तेवढंच सांग. तुझ्या शब्दापुढं त्याचं कोण ऐकतो? तो स्वतःसुद्धा नाही म्हणणार नाही."

हे सगळं खरं होतं, आणि म्हणूनच अक्कांना मुलाच्या तोंडाकडे पाहवेना.

"भट्टी विझव," त्या म्हणाल्या. "आणि ह्या दोघांना घेऊन उद्या डॉक्टरांकडे जा."

७

शनिवारी सकाळी अक्कांनी पूजा केली नाही. नेम मोडून त्या नथ्थूआबांच्या ओट्यावर गेल्या.

माणसं जमली होती. चुडामणच्या खिशात अर्ज होता. कमलचे वडील कौतिकनाना अमळनेरहून पहिल्या गाडीनं येऊन, टोपी मांडीवर ठेवून, एका कडेला बसले होते. त्यांना कुणी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. कमलची पिशवी भरलेली होती. वना दाराला टेकून उभा होता. निंबालाही अक्कांनी बोलावलं होतं. तो पायरीखाली उभा राहिला.

अक्कांनी सगळं क्रमानं सांगितलं. कमल माहेरी असताना दुखणं वाढलं ते. चुडामणनं तेच पीठ खाल्लं ते. कढी ज्यानं जितकी खाल्ली तितका तो झिजला ते. आंबट सोडल्याचं सांगताना त्यांनी कमलकडे पाहिलं. तिनं हलकेच मान हलवली. मग पातेलं दाखवलं, पदरावरचा डाग दाखवला. भिकुबाई तोंडाला पदर लावून ऐकत होती.

"आणि हे शिसं मी दिलं," अक्का म्हणाल्या. "माझ्या मुलाच्या भट्टीतलं, माझ्या देव्हाऱ्यातून. निंबानं दोनदा विचारलं. मी ऐकून घेतलं नाही. नंतर ह्या पोरीवर बोट दाखवलं, तेही मीच."

मग भिकुबाईला हुंदका आला.

"दुसऱ्याचं पाप आंगावर घेता अक्का तुम्ही. किती मोठं मन."

"भिकुबाई, मी काय सांगतेय ते..."

"कळलं हो," चुडामण म्हणाला. त्यानं अर्ज काढून फाडला आणि पायरीखाली पाहिलं. "निंब्या, देवमाणसाला मधे घालतोस? भेसळ करायची, आणि नाव अक्कांचं?"

एका शेजारणीनं हात जोडले. दुसरी म्हणाली, त्यांचा नेमच असा आहे, कुणाला दुखवायचं नाही. अक्का पुन्हा सांगू लागल्या, आणि जितकं सांगत गेल्या तितकी माणसांची मान लवत गेली. त्यांनी आयुष्यभर जे जमवलं होतं ते आज त्यांच्या शब्दाच्या आड उभं राहिलं होतं.

पायरीखालून निंबा घसा साफ करत म्हणाला, "अक्का उगाच बोलता. मन्हीच चूक व्हयनी. मालात भेळ मीच..."

"निंबाभाऊ, खोटं नका बोलू."

कमल होती ती. सासरच्या ओट्यावर, बापासमोर, तिचा आवाज इतका वर कधी गेला नव्हता. ती उंबऱ्याच्या बाहेर आली.

"मंगळवारी अक्का म्हणाल्या शेंदूर, तर कुणी पुरावा मागितला नाही," ती म्हणाली. "आज त्या म्हणतात मी, तर कुणी ऐकत नाही. मी मागते पुरावा. दाखवा अक्का."

अक्कांनी पिशवीतून दोन कांब्या काढल्या. एक निंबाच्या कथलाची, एक खणातली. कमल जवळ आली. अक्कांनी पहिली कांब तिच्या कानाशी धरून वाकवली. बारीक करकर झाली, पायाखाली वाळकी पानं यावीत तशी. कौतिकनानांनीसुद्धा मान वर केली. मग दुसरी धरली आणि वाकवली. कमल डोळे मिटून ऐकत राहिली.

"ही काही बोलत नाही," ती म्हणाली.

"नाही."

"ही तुमच्या घरातली?"

"माझ्या घरातली."

"निंबाभाऊंनी विचारलं होतं?"

"दोनदा."

कमलनं ती कांब अक्कांच्या हातातून घेतली आणि सासूच्या ओच्यात ठेवली. भिकुबाईनं ती उचलली, वाकवली, कानाशी नेली. तिचे हुंदके थांबले. तिनं अक्कांकडे पाहिलं. ती नजर अक्कांनी आजवर कुणाच्याच डोळ्यांत पाहिली नव्हती. त्यात रागही नव्हता, एखादी अनोळखी बाई दारात उभी असावी तसं ते पाहणं होतं. चुडामण फाटलेले कागद पायानं एकत्र करत राहिला. हात जोडलेल्या शेजारणीनं हात सोडले.

आता कल्हई केलेल्या भांड्यांची अजून बत्तीस दारं राहिली होती, आणि तिथंही हेच सांगायचं होतं. पण ते नंतर. अक्का कमलसमोर आल्या. एकोणीस वर्षांची सगळी स्तोत्रं पाठ होती, त्यात ह्या जागी बसेल असा शब्द नव्हता. त्या वाकल्या आणि त्यांनी दोन्ही हात पोरीच्या पायांकडे नेले.

कमल एक पाऊल मागं सरली.

"पाया नका पडू अक्का," ती हळूच, फक्त त्यांनाच ऐकू जाईल असं म्हणाली. "लोक पुन्हा तुम्हालाच देव म्हणतील."

अक्कांचे हात मधेच राहिले. वाकलेल्या कमरेनं त्यांना दिसत होती ती फक्त शेणानं सारवलेली जमीन, आणि त्या जमिनीवरून आत जाणारी कमलची पावलं. ती आबांसाठी पेज चढवायला गेली होती, स्टीलच्या भांड्यात.